आरंभशूरांनो, तुमच्या अर्ध्या राहिलेल्या आवडींचं पुढे काय होतं?

अर्धीवही
काल कपाट आवरायला काढलं. वरच्या खणातून निघालेला ऐवज असा: एक दुर्बीण, तिच्या तिपाईचा एक पाय लंगडा. बुद्धिबळाची तीन पुस्तकं, तिन्ही पहिल्या चाळीसेक पानांपर्यंत पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली आणि पुढे कोरी करकरीत. सोल्डरिंगचं सामान. पक्ष्यांच्या नोंदींची वही. आणि मी हाताने शिवलेली, पण पुठ्ठा न चढवलेली आणखी एक वही.

ती शेवटची हातात घेऊन बराच वेळ बसले. सहा फर्मे आहेत, म्हणजे दुमडून एकत्र शिवायचे कागदांचे गठ्ठे. पहिल्या दोघांचा दोरा इतका ओढलाय की कणा आत वळलाय. तिसऱ्याला घाबरून हात एकदम सैल सोडलाय. चौथा आणि पाचवा मात्र अगदी बरोबर, आणि सहावा तर सुंदर. म्हणजे जमायला लागलं होतं, आणि मी नेमकं तिथेच सोडलं.

'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण आमच्या घरात माझ्यासाठी राखीव आहे. वय एकेचाळीस. पोटापाण्यासाठी यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिते. विचारायचंय ते हे की, हा स्वभाव असतो की निव्वळ शिस्तीचा अभाव? आणि या सगळ्याचा कधी काही उपयोग करून घेता येतो का? की 'तू किती हरहुन्नरी आहेस' हे लोक आपलं मन राखायला म्हणतात?

उगाचच
धागा आवडला. अर्धाच वाचला, पण भावना पोचल्या.

सरळरेघ
कडू बोलतो, राग मानू नका. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच छान जातात. सुरुवातीला रोज काहीतरी नवं जमतं, शाबासकी मिळते. मग एक सपाट पट्टा लागतो. तिथे महिनोन्महिने घासूनही फरक दिसत नाही. तो पट्टा आला की काही जण विषय बदलतात आणि त्याला जिज्ञासा म्हणतात.

व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३चा अभ्यास अनेकांना ऐकून माहीत असेल. सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी १०,००० तासांच्या आसपास होता. तो आकडा जादूचा वगैरे नाही, सरासरी आहे. पण त्यात कोणी दुर्बिणीचे तास मोजले नव्हते.

दुसरं म्हणजे 'एकातलं दुसऱ्यात कामी येतं' ही समजूत. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच तिची हवा काढली. लोकांना आयतांचं क्षेत्रफळ अंदाजाने सांगायचा सराव दिला. त्यात ते तरबेज झाले, पण आकार बदलल्यावर त्या सरावाचा फायदा फारच थोडा उरला. बुद्धिबळाचंही तेच. चेस आणि सायमन यांचा १९७३चा प्रयोग पाहा. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली, तर पट्टीच्या खेळाडूला ती जवळजवळ जशीच्या तशी मांडता येते. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्याची आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दांडगी नव्हती, त्याला बुद्धिबळ येत होतं, एवढंच.

मी बावीस वर्षं एकच काम करतो आहे. कंटाळा येतो. तोही कामाचा भाग आहे.

अर्धीवही
सरळरेघ, राग नाही. सपाट पट्ट्याचं तर अगदी वर्मी लागलं. पण सहावा फर्मा सुंदर आला होता हो. तिथे पट्टा सपाट नव्हता, चढ होता.

दुपारचीसावली
मी समुपदेशनात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

स्वभाव की शिस्त? आधी स्वभाव. व्यक्तिमत्त्वाच्या पाच मोठ्या घटकांपैकी एक म्हणजे नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा. तो कोणात जास्त असतो, कोणात कमी, आणि प्रौढपणी बऱ्यापैकी टिकून राहतो. शिस्त, चिकाटी हा वेगळाच घटक. दोन्ही जास्त असू शकतात, दोन्ही कमीही. 'आवडी फार म्हणजे शिस्त नाही' हे गणित म्हणूनच चुकतं.

करिअरच्या चाचण्यांमागे बहुधा हॉलंड यांची १९५९ पासून आकाराला आलेली मांडणी असते. तिच्यात कलाचे सहा प्रकार धरतात: हाताने करण्याचा, शोधण्याचा, कलेचा, माणसांत रमण्याचा, पुढाकाराचा आणि नीटनेटक्या व्यवस्थेचा. कोणाचा आलेख दोन ठिकाणी उंच येतो, मग सल्ला देणं सोपं असतं. तुमच्यासारख्यांचा सहाही ठिकाणी उंच आणि सपाट येतो. अशा वेळी चाचणी गप्प बसते. माणूस घरी जाताना समजतो की आपल्यातच काही बिघाड आहे.

आता पट्ट्याबद्दल. २०१८ मध्ये ओ'कीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांबद्दलची एक मस्त चित्रफीत दाखवली. ती आवडलेल्यांनी पुढे त्याच विषयावरचा किचकट शास्त्रीय लेख वाचला. 'आवड आपल्यात आधीपासून असते, फक्त सापडावी लागते' असं मानणाऱ्यांचा उत्साह त्या लेखानंतर जास्त घसरला. 'आवड घडवावी लागते' असं मानणाऱ्यांचा कमी. पहिल्या गटाचं म्हणणं समजण्यासारखं आहे: कठीण जातंय म्हणजे ही आपली 'खरी' आवड नसणार, पुढची बघू. सरळरेघ यांना जो आळस दिसतो तो पुष्कळदा हा गैरसमज असतो.

हिडी आणि रेनिंजर यांनी २००६ मध्ये आवडीच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी बाहेरच्या कशाने तरी ठिणगी पडते. मग बाहेरच्याच आधाराने ती टिकते: वर्ग, सोबत, शिकवणारं माणूस. तिसऱ्या पायरीवर आपले स्वतःचे प्रश्न पडू लागतात. चौथ्यावर अडचण आली तरी माणूस हटत नाही. बहुतेक 'अर्धे' छंद दुसऱ्या पायरीवर आधार काढून घेतल्यामुळे पडतात. तुमच्या वहीचं तसं काही झालं होतं का?

आणि एक काम करून पाहा. विषयांची नावं लिहू नका. प्रत्येक छंदातला तुम्हाला खरोखर आवडलेला शेवटचा तास आठवा आणि त्या तासात तुमचे हात काय करत होते ते लिहा. विषय नको, क्रियापद हवं.

जाता जाता: आवडी अनेक म्हणजे एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाण्याची अवस्था) नव्हे. पण लहानपणापासून रोजची जरुरीची कामंही अशीच अर्धी राहत असतील आणि त्याचा जाच होत असेल तर तज्ज्ञांना दाखवा. धाग्यावर निदान होत नसतं.

उगाचच
माझ्या शेवटच्या आवडत्या तासात हात उशीखाली होते.

सैलखुंटी
सरळरेघ यांच्याशी निम्मा सहमत. माझा किस्सा सांगतो, तो दोन्ही बाजूंनी वाचता येईल.

पंपांच्या देखभालीचं काम करतो आणि हौसेने गातो. आमच्याकडे दोन सारख्या मोटारी शेजारी शेजारी चालतात. कागदावर मिनिटाला १५०० फेरे. पण इंडक्शन मोटर भाराप्रमाणे थोडी मागे राहते, त्यामुळे समजा एक १४८२ वर आणि दुसरी १४७६ वर. फरक सहा फेऱ्यांचा. त्यामुळे दोघींची मिळून जी घरघर होते ती मिनिटाला सहा वेळा फुगते आणि ओसरते, म्हणजे दहा सेकंदांना एक लाट. हे वर्षानुवर्षं कानावर पडत होतं. पाऊस ऐकावा तसं ऐकायचो.

एका आठवड्यात घरी मुलीला तंबोरा लावायला शिकवत होतो. जोडीच्या तारा जवळजवळ मिळाल्या की आवाजात एक संथ लाट येते. मिळतील तशी ती लांबत जाते आणि पूर्ण मिळाल्या की विरते. मुलीला म्हटलं, स्वर ऐकू नकोस, लाट मोज. दुसऱ्या दिवशी पंपघरात शिरलो आणि पाय थबकले. लाट चार सेकंदांना येत होती. म्हणजे फरक सहावरून पंधरा फेऱ्यांवर गेलेला. एक मोटर जास्त मागे राहतेय, म्हणजे तिच्यावर भार वाढलाय. अँपिअर पाहिले तर किंचित वर, पण मर्यादेत. त्यामुळे कुठलीच घंटा वाजली नव्हती. शोधता शोधता सापडलं: कोणीतरी ग्लँड पॅकिंग, म्हणजे गळती थांबवायला शाफ्टभोवती बसवलेल्या कड्या, फार आवळलं होतं, शाफ्टचा गळाच धरल्यासारखं. हात लावला तर चटका बसला.

आता गंमत बघा. तंबोरा आणि ही नोकरी, दोन्ही नऊ वर्षं माझ्याकडे होती. तरी नऊ वर्षांत एकदाही एकाने दुसऱ्याला हाक मारली नव्हती. 'लाट मोज' हे शब्दांत सांगावं लागलं, तेव्हा ती मोजायची गोष्ट आहे हे मलाच कळलं.

दुपारचीसावली
सैलखुंटी, गिक आणि होलिओक यांच्या १९८०च्या प्रयोगात हेच दिसतं! कोडं असं: पोटात गाठ आहे. तीव्र किरण सोडले तर वाटेतलं निरोगी मांसही जळेल, सौम्य सोडले तर गाठ जाणार नाही. काय कराल? दहातल्या एखाद्यालाच सुचतं की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकत्र आणायचे. काही जणांना आधी एक गोष्ट वाचायला दिली होती. तिच्यात सेनापती फौजेच्या छोट्या तुकड्या करतो, त्या वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो आणि किल्ल्यापाशी एकत्र आणतो. उत्तर त्या गोष्टीत जवळजवळ वाढून ठेवलं होतं, तरी बऱ्याच जणांना ते दिसलं नाही. 'मघाची गोष्ट वापरून बघा' एवढं म्हटल्यावर बहुतेकांना सुटलं.

म्हणजे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ बरोबरच होते, आपोआप काही सरकत नाही. कोणीतरी हाक मारावी लागते. स्वतः मारली तरी चालते.

सरळरेघ
हे मान्य. पण मग नऊ वर्षांत एक हाक हा भाव फार महाग आहे.

जुनीरद्दी
भाव कमी करता येतो, एकच प्रश्न घेऊन फिरलं तर. दामोदर कोसंबी आठवा. मूळचे गणिती. संख्याशास्त्राला हाताशी खरा विदा (डेटा) हवा म्हणून १९४०च्या सुमारास ते जुन्या नाण्यांकडे वळले. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून वजनावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज लागावा. त्यासाठी त्यांनी आधी चालू काळातली हजारो नाणी तोलली, पद्धत पारखली आणि मग प्राचीन चांदीच्या नाण्यांकडे गेले. मग पुढचा प्रश्न पडला: ही पाडली कोणी? इतिहासाची साधनं उघडावीत तर ती एकमेकांशी जुळेनात. मग संस्कृत ग्रंथ मुळातून पारखणं आलं. त्यातून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये निघाली. भारतीय इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५६ चा. बाहेरून पाहणारा म्हणेल, गणित, नाणी, संस्कृत, इतिहास, काय ही धरसोड! पण प्रत्येक उडी आधीच्या विषयाने पुरं न केलेल्या प्रश्नाने मारायला लावली होती.

डार्विनचंही पाहा. बार्नेकल या समुद्री जिवावर त्याने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली आणि शेवटी इतका वैतागला की बार्नेकलचा माझ्याइतका तिटकारा कोणीच केला नसेल असं पत्रात लिहिलं. मध्ये कबुतरं पाळली. गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७ चा, पुस्तक १८८१ चं. ४४ वर्षं गांडुळं मागे कुठेतरी वळवळत होती! त्याच्या वह्या अभ्यासणाऱ्या हॉवर्ड ग्रुबर यांनी याला 'उद्योगांचं जाळं' म्हटलं. एक काम थांबतं तेव्हा ते मेलेलं नसतं, दुसऱ्याची पाळी असते. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला त्याने मुलाकडून बसून नावाचं फुंकवाद्य वाजवून घेतलं. गांडुळं ढिम्म.

उगाचच
बसून बसून वाजवलं की उभं राहून? हलकेच घ्या.

सरळरेघ
कोसंबी आणि डार्विन यांच्या ओळीत आपण बसत नाही हो. शिवाय जाळं विणून दाखवलेल्यांचीच चरित्रं लिहिली जातात. ज्यांच्या नुसत्या चिंध्या झाल्या त्यांच्या वह्या कोण अभ्यासणार?

जुनीरद्दी
बिनतोड. मागे घेत नाही, पण गप्प बसतो.

रात्रपाळी
उपयोगाच्या गप्पा चालल्यात, मला छंद सोडवत नाहीत त्याबद्दल लिहायचंय.

शिन आणि एरिअली यांचा २००४ चा एक प्रयोग आहे. संगणकावर तीन दारं. दारामागे क्लिक केलं की थोडे पैसे मिळतात, एकूण क्लिक ठरलेले. एका प्रकारात काही काळ न उघडलेलं दार हळूहळू बारीक होत नाहीसं व्हायचं. लोक त्या मिटत्या दारांमागे धावत सुटले. खर्ची पडणाऱ्या क्लिकचं नुकसान सोसून त्यांनी दारं जागती ठेवली, मागे फार काही नाही हे दिसत असूनही.

माझं तेच झालं होतं. सहा छंद 'चालू' होते, म्हणजे सहाही गोष्टींचं ओझं होतं आणि एकही करत नव्हतो. एक करायला बसलं की बाकीच्या पाच खिडकीतून बघायच्या. कामं अर्धी सोडून दुसरीकडे वळताना लक्षाचा एक तुकडा मागेच अडकतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलंय. सुटका कशाने होते? काम संपवल्याने तर होतेच. पण मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांना २०११ मध्ये आढळलं की काम न संपवताही, ते कधी आणि कसं करायचं एवढं नेमकं ठरवलं तरी डोक्यातली कुरकुर शांत होते. मी चारांना तारखा दिल्या आणि दोन सोडून दिले. सोडलेल्यांपैकी एकासाठी चक्क रडलो. बासरी होती.

लुमान या समाजशास्त्रज्ञाने ९०,००० च्या आसपास चिठ्ठ्या लिहून त्या एकमेकींना जोडल्या होत्या. ते वाचून मीही चिठ्ठ्या सुरू केल्या. तीन महिने फक्त चिठ्ठ्या नीट लावत होतो. तो सातवा छंद झाला. सावध राहा.

निवांतवाचक
+१. बासरीचं वाचून गलबललं.

अर्धीवही
(तीन आठवड्यांनी)
दुपारचीसावली, क्रियापदं लिहिली. उशीर झाला कारण आधी खोटी लिहिली होती. 'निरीक्षण केलं', 'विचार केला' असली. मग खरी लिहिली.

दुर्बिणीतला आवडलेला तास दुर्बिणीला डोळा लावून गेलाच नव्हता. भाच्यासाठी कागदावर आकाश काढत होते. मृगातल्या तीन तारकांची रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे वाढवली की रोहिणी, असा बाणांचा नकाशा. बुद्धिबळात चाली पाठ करण्यापेक्षा त्या बाणांनी मांडत बसायचे. सोल्डरिंग तर मला कधीच आवडलं नव्हतं, मी सर्किटच्या आकृत्या काढायचे आणि मग नाइलाजाने चटके खायचे. वही शिवतानाही तेच. सुई कुठून आत जाते, कुठून बाहेर येते याची क्रमांक घातलेली आकृती सापडली. बाहेरून दिसणारा दोरा सलग रेघेने, आतला तुटक रेघेने. चौथ्या फर्म्यापासून हात का सुधारला ते आता कळलं. आकृती तिसऱ्यानंतर काढली होती.

म्हणजे मी चार विषय शिकत नव्हते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होते. आणि आधाराचं म्हणाल तर, बांधणी शिकवणाऱ्या बाईंचा वर्ग बंद झाला तोच महिना होता.

कामाचंही सांगते. एका यंत्रात पट्टा पाच रुळांवरून फिरवून बसवायचा असतो, कुठे वरून, कुठे खालून. पुस्तिकेत त्याची अकरा वाक्यं होती, मीच लिहिलेली, आणि त्या पानाबद्दल तक्रारी यायच्या. गेल्या आठवड्यात ती खोडली. एकच आकृती काढली, वहीसारखी: रुळाच्या पुढून जाणारा पट्टा सलग रेघ, मागून जाणारा तुटक, वळणांना एक ते पाच आकडे. ज्या सहकाऱ्याने ते यंत्र कधी उघडलं नव्हतं त्याला कागद दिला आणि गप्प उभी राहिले. त्याने एकही प्रश्न न विचारता पट्टा चढवला. दोन वेळा कागद उलटा धरला, ते वेगळं.

सैलखुंटी यांच्यासारखंच. वहीची आकृती सात वर्षं कपाटात होती आणि मी ऑफिसात वाक्यं लिहीत होते.

सरळरेघ
अभिनंदन, मनापासून. पण लक्षात घ्या, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. आवड एकच निघाली.

अर्धीवही
असेल. ती एकच आहे हे चौथ्या-पाचव्या कपड्यात पाहिल्यावर ओळखू आलं, पहिल्यात नाही.

आणि सगळं त्यात बसतही नाही. पक्ष्यांच्या वहीत एकही आकृती नाही. तारीख, वेळ, पक्ष्याचं नाव, बस. कधी कधी नावही नाही, नुसतं 'दोन, उडाले'. तिथलं माझं क्रियापद 'उभी होते' असं आहे. त्याचा कशालाच उपयोग नाही आणि तीच वही मी पुन्हा सुरू केली आहे. दुर्बीण भाच्याला दिली. देताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, तिपाईच्या लंगड्या पायाबद्दल सूचना देण्यात वेळ गेला.

दुपारचीसावली
'उभी होते' हे मी माझ्या वहीत लिहून घेतलंय.

सैलखुंटी
अर्धीवही, ते सलग-तुटक रेघांचं प्रकरण ग्लँड पॅकिंगला जमेल का? नव्या पोरांना तोंडी सांगून दमलो. कड्या एकामागून एक बसवायच्या असतात आणि ती मुलं सगळे सांधे एका रेषेत आणून ठेवतात, मग तिथूनच गळतं.

अर्धीवही
जमेल. सांधे किती अंशांनी फिरवायचे?

सैलखुंटी
नव्वद. फोटो टाकतो थांबा.

अर्धीवही
फोटो नको. पहिली कडी हातात घेतल्यापासून एकेक हालचाल सांगत जा. कागद घेऊन बसलेय.